दुधाटे सर कधी जन्मले?

"गुड मॉर्निंग, सर," म्हटलं तर दुधाटे सर विचारतात, "कशावरून?"

मग आपण खिडकीतलं ऊन दाखवायचं. पटलं तर ते मान हलवतात. आभाळ आलेलं असलं की आमच्या शाळेत कुणी त्यांच्या वाटेला जात नाही.

सर इतिहास शिकवतात. आम्हा मास्तरांना पाठाच्या टाचणवहीत अध्यापनाची उद्दिष्टं लिहावी लागतात. मी मार्गदर्शिकेवरून डोळे झाकून उतरवतो. एकदा त्रिकोणाच्या पाठाखाली 'राष्ट्रप्रेम वाढीस लावणे' लिहून बसलो. सरांच्या वहीत वर्षभर एकच ओळ: 'पोराला कशावरून असे विचारता येणे.' परिणाम असा, की त्यांच्या वर्गातलं पोरगं "आजी वारली" म्हणून गैरहजर राहिलं तर येताना तेरवीची बुंदी रुमालात बांधून आणतं.

या माणसाला एकच गोष्ट सिद्ध करता येईना: स्वतःची जन्मतारीख. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून ठोकला होता. तसे आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही सहाजण एक जूनचेच. एका केकात भागतं. पण सरांची आई बाळंतपणातच गेलेली. खरा दिवस ठाऊक असलेली एकटी वालूरची आत्या उरली होती, आणि तिलाही आता आठवेनासं झालं होतं.

"मेअखेर रिटायर व्हायलोय, तेबी खोट्या तारखेवर," सर म्हणाले. "चला माझ्यासंगं. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

पालमहून एसट्या बदलत आम्ही वालूरला पोचलो. सरांनी वही उघडली. "आत्या, मी कव्हा जन्मलो?"

आत्या वहीकडे बघू लागली. मला राहवलं नाही. गणिताचा मास्तर, आधी मागच्या पानावर उत्तर बघायची सवय. "पोळ्याला का, आत्या?"

"व्हय की. पोळ्यालाच."

"इतिहासाचं साधन नासवलं तुमी," सर करवादले. "साक्षीदाराला उत्तर सुचवतेत का?" मग खात्री करायला त्यांनीच विचारलं, "का संक्रांतीला?"

"व्हय. संक्रांतीलाच."

अर्ध्या तासात सर पोळा, संक्रांत, शिमगा आणि दसरा अशा चारी सणांना जन्मले.

शेवटी आत्याच वैतागली. "तारीख तारीख काय लावलंस रे नामदेवा? तुजी माय गेली, समदे तिला न्यायच्या गडबडीत. तुला घ्यायला कोणी न्हाई. मी दहा वर्साची. दिसभर काखंत घेऊन फिरले. लय जड होतास."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

परतीच्या थांब्यावर ते चहा आणायला गेले, तेवढ्यात मी त्यांची वही उघडली. तारखेची जागा कोरीच होती. खाली लिहिलं होतं: 'त्या दिवशी आत्यानं घेतलं होतं. मी जड होतो.'