थोरल्या बाईसाहेबांनी खजिन्याचे शब्द राखिले त्याची हकिकत

श्री कुलस्वामिनी प्रसन्न असो. ऐकणाराचे चित्त आणि सांगणाराची जीभ ठिकाणी राहो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी एका राज्यी, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, जे वर्तमान जाहले ते जैसे पाहिले आणि ऐकिले तैसे लिहितो.

राज्य लहान, मधोमध खाडी, अलीकडे राजधानीचा गड आणि पलीकडे गावे. गादीवर म्हाळसाबाईसाहेब. राज्यात दवाखाना नव्हता. बाळंतिणीस होडीत घालोन परराज्यी न्यावे लागे आणि काही वाटेतच जात. राज्याच्या कित्येक लेकी परिचारिका होऊन परदेशी गेल्या होत्या. त्यांणी आपसात ठराव केला की पगारातून थोडे थोडे पाठवू, पण आपल्या मुलखी दवाखाना उभा राहिला पाहिजे. मग त्यांणी कूटनाणे पाठविले. हे नाणे टाकसाळीत पडत नाही आणि मुठीत धरवत नाही. जगभरच्या संगणकांत त्याची नोंद असते, आणि ज्याजवळ गुप्त किल्ली तोच त्याचा धनी. हे सर्व नाणे एका ऑनलाइन पेढीच्या हवाली होते. इतक्यात शेजारच्या राज्याची पेढी एकाएकी बंद पडली आणि लोक मोबाइल हाती घेऊन रडत बसले, हे वर्तमान बाईसाहेबांस कळले. बाईसाहेब बोलिल्या, "किल्ली दुसऱ्याच्या कनवटीस आणि दवाखाना आमचा, हे चालणार नाही. नाणे आपल्या हाती आणा."

तेव्हा खजिन्याचा कारभार निळो विसाजी जामदार यांजकडे. वयाने पोक्त, इमानी, परंतु घासाघीस करून स्वस्तात वस्तू घेण्याची हौस फार. त्यांस समजले की या कामी हार्डवेअर वॉलेट म्हणोन बोटभर यंत्र मिळते, किल्ली त्याच्या पोटी राहते आणि इंटरनेटवर उघडी पडत नाही. यंत्र काही गुप्त शब्द देते, यंत्र मोडले तरी ते शब्द दुसऱ्या यंत्रात घातले की तीच किल्ली पुन्हा उभी राहते, म्हणोन ज्याजवळ शब्द त्याचेच नाणे. मग निळोपंतांनी बाजारातून निम्म्या दराने एक यंत्र आणिले आणि हसत बोलिले, "सरकार, दुकानदार भला माणूस. गुप्त शब्दसुद्धा आधीच छापून डबीत घातले आहेत. आपल्याला काही करणेच नको."

बाईसाहेबांनी ते कार्ड उलटेपालटे करून पाहिले आणि पुसिले, "हे शब्द छापिले कोणी?"

"दुकानदाराने."

"म्हणजे त्यास ठाऊक आहेत."

त्याच दिवशी ते यंत्र परत गेले आणि खुद्द कारखानदाराकडून दुसरे मागविले. ते आल्यावर बाईसाहेबांनी वेष्टन आणि मोहोर तपासिली, दार लावून घेतले, यंत्रास आपला पिन दिला. मग यंत्राने आपल्या इवल्या पडद्यावर एकामागोमाग एक चोवीस शब्द दाखविले, फिरंगी भाषेचे, परंतु साधे, कोणी फळ, कोणी पक्षी, कोणी भांडे. ते बाईसाहेबांनी स्वहस्ते कागदावर उतरिले. दाराबाहेरून निळोपंत विनंती करिते जाहले, "मोबाइलने एक फोटो घेऊन ठेवावा, सरकार. कागदाचा काय भरवसा?" आतून उत्तर आले, "फोटो कुठे कुठे जाऊन बसतो ते तुम्हांस ठाऊक आहे? मला नाही. म्हणोन नको." मग एक चिमूटभर नाणे यंत्राच्या पत्त्यावर पाठविले, संगणकावरचा पत्ता आणि यंत्राच्या पडद्यावरचा पत्ता अक्षरास अक्षर लावून पाहिला, आणि नाणे पोचताच बाईसाहेबांनी यंत्र कोरे पुसून टाकिले. निळोपंतांनी कपाळावर हात मारिला, "बाईसाहेब, हे काय केले!" बाईसाहेब बोलिल्या, "घर जळाल्यावर शब्द खरे की खोटे पाहण्यापेक्षा आजच पाहू." मग कागदावरचे शब्द यंत्रात पुन्हा घातिले आणि ते चिमूटभर नाणे जागच्या जागी दिसले. तेव्हा निळोपंतांचा जीव भांड्यात पडला आणि सर्व खजिना पेढीतून काढून यंत्राच्या हवाली केला.

आता शब्दांची दुसरी प्रत गडाबाहेर कोठे ठेवावी हा विचार पडला. कागद जळतो, भिजतो, म्हणोन बाईसाहेबांनी पोलादी पट्टी घेतली. लोहारास दिली तर लोहारास शब्द कळणार, म्हणोन हाती हातोडा घेऊन अक्षरांचे ठसे स्वतः ठोकिले, त्यात एक घाव अंगठ्यावर बसून नख काळे पडले. आणि ती पट्टी घेऊन होडीत बसल्या त्या थेट खाडीपलीकडे द्वारकाबाईसाहेबांच्या गढीस. सर्व दरबार चकित जाहला. द्वारकाबाईसाहेब या थोरल्या जाऊबाई. गादी आपल्या घरास मिळावी म्हणोन त्या भांडल्या होत्या, हरल्या होत्या, आणि तेव्हापासून दोघींमध्ये विस्तव जात नव्हता.

थोरल्या बाईंनी बस म्हटले नाही. पट्टी पाहून पुसिले, "माझ्याकडेच का?"

म्हाळसाबाई उभ्यानेच बोलिल्या, "तुम्ही मला तोंडावर वाटेल ते बोललात. माघारी एक शब्द बोलला नाहीत. असे दुसरे माणूस मला सापडले नाही."

थोरल्या बाईंनी पट्टी पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "अट काय?"

"कोणालाही देऊ नये, दाखवू नये. माझे नाव सांगत आला तरी."

"बरे. जा आता, ओहोटी लागेल."

त्याउपरि वर्ष सुखाने चालले. लेकींचे नाणे येत राहिले, त्यातून लागेल तितके मोडून जागा घेतली, पाया खोदला. आणि फाल्गुन मासी, भर दुपारी, मुदपाकखान्यात तेलाची कढई पेटली आणि आग जामदारखान्यापर्यंत गेली. माणसे सर्व वाचली. परंतु यंत्र वितळून त्याचा गोळा जाहला, आणि शब्दांचा कागद त्याच मजल्यावर पेटीत होता, त्याची राख जाहली. पाया खोदून गवंडी थांबले होते, परदेशातून लेकी फोन करून पुसत होत्या की आमचे नाणे आहे की गेले, आणि निळोपंतांस भाकर गोड लागेना. त्यांणी मोबाइलवर मदतीचा नंबर शोधिला, तो एक गृहस्थ फार गोड बोलला, "काका, अजिबात घाबरू नका. मी कंपनीतूनच बोलतो. शब्द वाचून दाखवा, अर्ध्या तासात सगळे परत. पण आजच हं, उद्या काही हाती लागणार नाही." हे ऐकताच निळोपंत बाईसाहेबांस न पुसता, फोन कानाला लावूनच होडीत बसले आणि गढीस येऊन थोरल्या बाईंच्या पाया पडले की पट्टी द्यावी.

"फोनवर कोण?" थोरल्या बाईंनी पुसिले.

"कंपनीचे साहेब आहेत, थोरल्या सरकार."

"इकडे आणा." मग फोन घेऊन बोलिल्या, "का हो, यंत्र तुमचे, शब्द त्याच यंत्राने दिलेले. मग ते तुम्हांला कसे ठाऊक नाहीत?"

"मॅडम, सुरक्षेसाठी आम्ही ठेवत नाही."

"मग सुरक्षेसाठीच ते तुम्हांला नकोत," म्हणोन फोन बंद केला, आणि निळोपंतांस बोलिल्या, "पट्टी मिळणार नाही. म्हाळसेला म्हणावे, तू ये."

निळोपंत परतले आणि दरबारात एकच कुजबूज उठली. कोणी म्हणाले, आता थोरल्या बाई खजिना गिळणार. कोणी म्हणाले, वैऱ्याच्या हाती दिल्यावर दुसरे काय होणार. निळोपंत बाईसाहेबांसमोर रडू लागले. बाईसाहेबांनी काय काय बोलणे जाहले ते सर्व ऐकून घेतले. एक क्षण त्यांचाही चेहरा उतरला, कारण मागणारा आपलाच जामदार होता आणि नाही म्हणणारी आपली जुनी वैरीण. मग पुसिले, "त्या माणसास एक तरी शब्द कळला?"

"एकही नाही."

"मग रडता कशाला? नवे यंत्र मागवा, कारखानदाराकडूनच." आणि यंत्र येताच त्या निळोपंतांस घेऊन खाडीपार गेल्या.

या खेपेस थोरल्या बाईंनी पाट मांडून ठेविला होता. पट्टी पुढे ठेवून म्हणाल्या, "खोटे सांगत नाही म्हाळसे. मनात आले होते. एक यंत्र आणावे, हे शब्द घालावे, की सगळे माझे."

"मग?"

"पट्टी काढली की तुझी ही वाकडी अक्षरे दिसत. लहान पोराने गिरवावी तशी. ती पाहून राग धरवेना."

म्हाळसाबाईंनी निळोपंतांस दूर ओसरीवर पाठ फिरवून बसविले, आणि थोरल्या बाई अक्षरे कानाशी हळू सांगू लागल्या आणि धाकट्या बाई थेट यंत्रातच ती घालू लागल्या, संगणकात नव्हे. शेवटचा शब्द घातला आणि यंत्राने दाखविले की शब्द जुळत नाहीत. थोरल्या बाईंनी चष्मा पुसिला, पट्टी उजेडात तिरपी धरिली आणि एका शब्दावरून बोट फिरवीत बोलिल्या, "अगं, हे कोणते अक्षर? का कोंबडीने पाय दिला? मी दुसरेच समजले." अक्षर बदलले. यंत्र थोडे थांबले, आणि मग लेकींनी पाठविलेले नाणे जसेच्या तसे पडद्यावर उभे राहिले. निळोपंत वळून पाहू का म्हणोन विचारीत होते, परंतु दोघी बाया इतक्या हसत होत्या की उत्तर कोणी देईना.

मग जेवणे जाहली. जेवताना म्हाळसाबाई बोलिल्या, "माझे बरेवाईट झाले तर पट्टीचे काय करायचे, ते तुम्हांला शिकवून ठेवते."

"मी तुझ्याहून थोरली. आधी मी जाणार."

"मग दोघी मिळून तिसरी शोधू. दवाखाना चालवायला परत येणाऱ्या लेकींतलीच एखादी."

"शोधू," थोरल्या बाई म्हणाल्या, "पण जिचे अक्षर बरे आहे अशी बघ."

येणेप्रमाणे खजिना राहिला, दवाखान्याच्या भिंती उठल्या, निळोपंतांनी मोबाइलवर सापडलेल्या अनोळखी नंबरास फोन करणे सोडिले, आणि दोन्ही घरांच्या होड्या खाडीत येऊ-जाऊ लागल्या. शब्द कोणते होते ते या लिहिणारास ठाऊक नाही, आणि ठाऊक नसावे हेच योग्य. लेखनसीमा.