फुटक्या कवडीचा अर्थ

आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं कोशमावशी सगळ्या इमारतीला ऐकवत. वीस वर्षं म्हणींचा कोश लिहिणारी बाई ती! त्या दिवशी ‘किंमत’ हे प्रकरण छापायला जायचं होतं आणि नेमका स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. मावशी सकाळपासून तव्यासारख्या तापलेल्या!

प्लंबरनं जिन्यातला व्हॉल्व्ह बंद करून नळ काढला. “मावशी, हा गेला. नवाच लागेल.”

“चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला! नुसता वॉशर बदला!”

प्लंबर पुन्हा ओट्याखाली शिरला. तेवढ्यात संपादकाचा फोन. ‘फुटकी कवडी’चा अर्थ नीट लागत नव्हता म्हणे!

“एवढंही कळत नाही?” मावशी फोनवर कडाडल्या. “पूर्वी कवड्या देऊन बाजार व्हायचा. फुटक्या कवडीला कोण विचारणार? किंमत शून्य! फुकट दिली तरी नको!”

ओट्याखालून प्लंबर बाहेर आला. चेहरा लालबुंद. “माझ्या कामाची किंमत शून्य?”

“अहो, तुम्हाला नाही, कवडीला म्हणाले!”

“म्हणजे मी कवडी?” पिशवी उचलून, दार आपटून तो गेलासुद्धा!

पाचच मिनिटांत जिना चढत वरच्या मजल्यावरचे काका आले. “व्हॉल्व्ह कुणा शहाण्यानं बंद केला?” म्हणत त्यांनी तो गरागरा फिरवला. आत उघड्या पाइपातून पाण्याचा फवारा थेट छताला!

“बंद करा!” मावशी किंचाळल्या. काकांनी घाबरून इतका जोर लावला, की व्हॉल्व्हचा दांडाच हातात आला!

मावशींनी पाइपावर अंगठा दाबला, दुसऱ्या हातानं प्लंबरला फोन लावला.

“आधी माफी,” तो म्हणाला.

“माफी? मी?” खालच्या मजल्यावरून आरोळी आली, “अहो, आमच्या पलंगावर गळतंय!” मावशींनी दात-ओठ खाल्ले. “बरं, चुकलं माझं! तुमचं काम लाखमोलाचं आहे! या आता!”

पलीकडून प्लंबरनं विचारलं,

“‘लाखमोलाचं’ म्हणजे काय, मावशी? चांगलं की वाईट? मघासारखं नको व्हायला. नीट फोड करून सांगा. मी ऐकतोय.”

अंगठा तसाच दाबून, नाकातोंडात पाणी जात असताना, मावशी समजावून सांगू लागल्या.