वारं घेणारं कापड

नितेशने मुंबईची नोकरी सोडली आणि बुरोंडीच्या किनाऱ्यावर चाकांवरची खोली आणून उभी केली. आत दोघांपुरता पलंग, एक शेगडी, एक खिडकी. पहिले पाहुणे शनिवारी येणार होते. ते तोंड वाकडं करून गेले, तर सोमवारी पुन्हा मुंबई गाठायची, असं बायकोने बजावलं होतं. आणि खोलीसोबत आलेलं सावलीचं कापड शुक्रवारीच टराटरा फाटलं.

"बाबा, नवीन कापड शिवाल? वारं घेईल असं शिवा. बाकी तुम्हाला कळतंच," असं सांगून नितेश मासळी आणायला पळाला.

आता हे कुणाला सांगावं? तर बाबांना, म्हणजे भागोजींना! होड्यांना इंजिनं येईपर्यंत या माणसाने जन्मभर शिडं शिवली होती. वारं घेणाऱ्या कापडाचा त्यांना एकच अर्थ ठाऊक. त्यांनी शिडासारखं मस्त पोट ठेवून कापड शिवलं. वाळूत खांब टिकत नाहीत, म्हणून बांबू खोलीलाच आवळले. कापड ताणताना दाबायला चाकांना अडसर म्हणून लावलेले चिरे घेतले, ते परत लावायचे राहिले.

पाहुणे आले. अलोऱ्याच्या वीजप्रकल्प वसाहतीतले निवृत्त अभियंता अनिलराव आणि त्यांच्या पत्नी वेदिकाताई. अनिलरावांनी प्रत्येक बांबू ठोकून पाहिला.

"हे कापड कुठल्या हिशेबाने लावलंय?"

"वाऱ्याच्या," भागोजी म्हणाले.

पाच वाजता दोघं आत चहाला बसली. पुरी ओहोटी, वाळू टणक. वारा सुटला, कापड फुगलं आणि खोली कुरकुरत निघाली. घाई काहीच नाही, बाजाराला निघावं तशी.

नितेश सुरमईचं ताट घेऊन धावला. "बाबा! थांबवा, थांबवा!"

"कशाला? वारं घेतंय ना? तूच सांगितलंस!"

"अहो, मी हवेशीर म्हणत होतो!"

"मग हवेशीर म्हणायचं! शिडाची भाषा कशाला बोलतोस? येत नाय ती!" बांबूला हात लावून भागोजी खोलीबरोबर रमतगमत चालले होते.

आतून आवाज आला, "वेदिका, कप धर."

सुरूची झाडं जवळ आली तसा भागोजींनी दोर सोडला. कापड पडलं, खोली थांबली. मनातल्या मनात नितेशची मुंबईची बॅग भरून झाली होती.

"साहेब, चुकलं. माफ करा."

अनिलराव उतरले. वाळूतल्या चाकोऱ्या त्यांनी मागेपर्यंत न्याहाळल्या. वेदिकाताई दारातूनच म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत ह्यांनी मला वसाहतीच्या गेटापलीकडे फिरायला नेलं नाही हो. आज अख्खं घर घेऊन निघाले!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अजून दोन दिवस राहतो," अनिलराव म्हणाले.

नितेशचा जीव भांड्यात पडला. "राहा ना साहेब! मी सकाळीच दुसरं कापड आणतो."

"कापडाला हात लावायचा नाही. आणि उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल. यांना तेवढं पाठवा."

भागोजी दोर गुंडाळत होते. "उद्या सहा वाजता," ते म्हणाले. "आज पाचला होती, उद्या ओहोटी जरा उशिरा हाय. नितेश, तू चहाचं बघ."