अव्हॉइड राहतं स्वयंपाकघरात

इंग्रजी शिकावं तर हिशेबनिसाकडून! बाकीचे मास्तर क्रियापदं पाठ करायला लावतात. मी त्यांना राहायला जागा देतो!

बायकोला एका हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी हवी होती आणि मुलाखत होती इंग्रजीत. तिची गाडी एकाच जागी अडायची. कोणत्या क्रियापदापुढे ‘टू’ आणि कोणत्यापुढे ‘आयएनजी’?

“अहो, ‘वॉन्ट टू गो’ चालतं, मग ‘एन्जॉय टू गो’नं कोणाचं घोडं मारलंय?”

“कारण विचारू नकोस, पत्ता विचार!” मी म्हणालो.

एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश ही आयएनजीवाली मंडळी स्वयंपाकघरात टाकली. वॉन्ट, होप, डिसाइड ही टूवाली दिवाणखान्यात. लाइक आणि स्टार्टला दोन्ही चालतं, म्हणून ती दोघं पोटभाडेकरूंसारखी मधल्या बोळात! जे वाक्य जिथलं, ते तिथे जाऊनच म्हणायचं. महिनाभरात बायको चुकायचीच बंद झाली. गॅसपाशी उभी राहिली की कुकरच्या वाफेसारखं तोंडातून आयएनजी निघे!

आई तेवढी कुरकुरायची. “अरे, ही भाजी ढवळता ढवळता सोफ्याकडे का पळते?”

“होप आलं असेल गं!”

मुलाखत व्हिडिओवर, घरूनच द्यायची असं कळलं तेव्हा मी टाळीच वाजवली. म्हणजे सगळी क्रियापदं हाताशी! फोन मी धरणार, ती फक्त धावणार.

मॅनेजरबाईंनी विचारलं, पुढे काय करायचा विचार आहे? बायको सोफ्याशेजारीच होती. खणखणीत ‘वॉन्ट टू’! मी मनातल्या मनात नेमणूकपत्र चौकटीत बसवलं.

दुसरा प्रश्न : चिडलेल्या गिऱ्हाइकापुढे तुम्ही काय टाळता?

अव्हॉइड! बायको स्वयंपाकघराकडे सुटली, मागोमाग फोन घेऊन मी. आणि दार बंद!

“फरशी पुसलीय!” आतून आई. “वाळेपर्यंत कोणी पाऊल टाकायचं नाही!”

“आई, दार उघड! अव्हॉइड अडकलंय!”

“मग प्लंबरला बोलाव!”

बायको दाराला नाक लावून “आय अव्हॉइड... आय अव्हॉइड...” करत राहिली. पुढचं शेपूट दारापलीकडे! नोकरी डोळ्यांदेखत चालली होती. मी किंचाळत दाराला खांदा दिला, आईनं नेमकी तेव्हाच कडी काढली, आणि मी, फोन अन् बादली असे तिघे घसरत थेट ओट्याखाली!

बायकोनं शांतपणे आत पाऊल टाकलं, फोन उचलला, पदरानं पुसला.

“आय अव्हॉइड शाउटिंग, मॅडम.”

पलीकडे मॅनेजरबाई हसून हसून पालथ्या पडल्या. “सोमवारी या! एवढ्या गोंधळात आवाज न चढवणारी बाईच हवी होती आम्हाला. फक्त तो ओरडणारा माणूस आमच्या हॉटेलात उतरवू नका!”

आता बायको कुठेही उभी राहून बिनचूक बोलते. पद्धत माझीच! काल आमच्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, काम कधी फिनिश करताय? मी खुर्चीतून उठलो.

“अहो, कुठे निघालात?”

“चहाच्या खोलीत, साहेब. उत्तर तिथे असतं.”