आवाजात दम पायजे

वरात आली की लोक नवरदेव बघतात, बायका नवरीच्या अंगावरचं बघतात, पोरं नाचायला जागा बघतात. आमचे सुदामआप्पा मात्र डीजेच्या भिंतीपुढं जाऊन उभे राहायचे. छातीवर उजवा पंजा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि गाणं संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात यवतचा एक नावाजलेला डीजे आला होता. त्याच्या दणक्यानं माझ्या घराचे पत्रे थरथरत होते, भांडी मांडणीवरून खाली येत होती. आप्पांनी डोळे उघडले, डीजेवाल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि नापास झालेल्याची समजूत काढावी तसं म्हणाले, "आवाजात दम न्हाई, बाळा."

ते पोरगं दिवसभर उदास होतं. एवढं म्हाताऱ्यानं कशाला बोलावं?

मी आप्पांचा शेजारी, भिंतीला भिंत. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे आणि बहुतेक वेळा तिसरी शिफ्ट करतो. म्हणजे जग उठतं तेव्हा मी आडवा होतो. अशा माणसाला शेजार मिळावा तर सुदामआप्पांचा. याला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा, मी म्हणून म्हणून दमलो.

आप्पाही आमच्याच एमआयडीसीत फिटर होते. रिटायर झालेली माणसं विहाराच्या ओट्यावर बसतात, पेपर वाचतात, सुनेची तक्रार करतात. आप्पांनी अंगणात जेट इंजिन बनवायला घेतलं.

थट्टा करत नाही. खरंच जेट. मोबाईलवर कुणा गोऱ्या माणसाचा व्हिडिओ बघितला आणि डोक्यात घेतलं. स्टीलची एक नळी, घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली, एका ठिकाणी पोट सुटलेली. आत फिरणारा एकही पार्ट नाही. पोटात गॅस सोडायचा, मोटारसायकलच्या प्लगनं ठिणगी द्यायची, सुरुवातीला नळीच्या तोंडातून जोराचा वारा मारायचा. भडका उडतो, धूर बाहेर पळतो, पोट रिकामं होतं, मग ते आपणहून नवी हवा ओढतं आणि पुन्हा भडका. असे भडके इतके पटापट व्हायला लागतात की सगळा मिळून एकच आवाज होतो, न थांबणारा, ऐकणाऱ्याची हाडं हलवणारा. गोऱ्याच्या व्हिडिओत असं होतं. आप्पांच्या अंगणात एकदा 'भड' व्हायचं आणि मग फुस्स.

ते 'भड' नेमकं माझा डोळा लागला की व्हायचं.

खरा घोळ इंधनाचा होता. आधी रॉकेलवर करायचं ठरलं, तर रॉकेल कुठं बघायला मिळेना. मग पेट्रोल, तेही पिकावर औषध मारायच्या पाठीवरच्या पंपातून. त्यात अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी आप्पांनी कितीतरी दिवस तशीच ठेवली, कारण कामातून सवड नव्हती. शेवटी घरातला गॅस सिलिंडर अंगणात आला. त्याचं वेगळंच. गॅस जोरात ओढला की सिलिंडर गार पडतो, अंगावर दव धरतो, मग पांढरा बर्फ चढतो आणि आतला गॅस बाहेर यायचं नाव घेत नाही. यावर आप्पांनी काढलेला उपाय म्हणजे आंघोळ. सिलिंडरला घंगाळात बसवायचं आणि तांब्या-तांब्यानं कोमट पाणी घालायचं. पाणी तापवायचं चुलीवर, कारण गॅस न्हायला बसलेला. हिराकाकू, म्हणजे आप्पांची बायको, धुरात डोळे पुसत भाकरीही त्याच चुलीवर थापायच्या आणि मधूनच सिलिंडरकडं बघायच्या. लेकराचं अंग नीट चोळतोय का नवरा, असं काहीसं त्यांच्या बघण्यात असायचं.

वस्तीनं ठरवून टाकलं होतं की आप्पा विमान करताहेत. तिकीट कधी सुटणार, दौंडला थांबा आहे का, पाटसच्या ऊसतोडवाल्यांना सवलत आहे का, असं जाता येता विचारायचे. एका शेतकऱ्यानं ज्वारीवरची पाखरं हाकायला ते भाड्यानं मागितलं. आप्पा मान डोलवायचे आणि नळी घासत बसायचे.

मी चार वेळा गोडीनं सांगितलं. मग एका सकाळी शिफ्टवरून येऊन नुकता पडलो होतो आणि 'भड' झालं. या वेळी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो वाकडा झाला. माझं डोकंच फिरलं. तसाच बनियनवर त्यांच्या अंगणात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला काही वाटतं का, आम्ही रात्रभर ॲसिडच्या वासात मरायचं आणि दिवसा तुमच्या या नळकांड्यानं मरायचं का, आता सरळ पोलीस चौकीला जातो.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू झोपल्याला व्हतास का जागा?"

"झोपलो होतो."

"गाढ?"

मी गाढ म्हणालो. त्यांचा चेहरा असा खुलला की मला मारावंसं वाटलं.

तेवढ्यात काकू माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मी त्यांनाही सुनावलं, काकू, तुम्ही तरी सांगा यांना. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय की. तुमची मंडळी बरी हायेत ना?"

इथं काकूंबद्दल सांगायला हवं. काकूंना कमी ऐकू येतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण किती कमी ते कुणालाच नाही. कारण काकू माणसाचं तोंड वाचायच्या. समोरचा हसला की हसायच्या, कपाळाला आठी दिसली की "व्हय बाई" म्हणायच्या, आणि काहीच उमगलं नाही की घरची ख्यालीखुशाली विचारायच्या. चार माणसांत असल्या तर आधी सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवायच्या, मग बोलायच्या. ही एकेकाळी आमच्या वस्तीची गाणारी बाई. चौदा एप्रिलला विहारापुढं काकूंनी सूर धरल्याशिवाय बाकीच्या बायका तोंड उघडायच्या नाहीत.

काकू आत गेल्या आणि आप्पांनी मला घंगाळाशेजारी बसवलं. सिलिंडरवर पाणी घालत घालत ते बोलत होते. काकूंच्या कानांतून आधी मोबाईलची रिंग गेली, मग कुकरची शिट्टी, मग कारखान्याचा भोंगा. मग दौंडकडं जाणाऱ्या गाड्यांचा हॉर्नही गेला. कानातलं मशीन घेतलं, तर ते नुसतं किंचाळायचं. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, नस गेली, आता नाद सोडा. मग एका दिवाळीत पोरांनी काकूंच्या पाठीमागं सुतळी बॉम्ब लावला. काकू दचकून वळल्या आणि हसत सुटल्या. मला ऐकू आलं म्हणाल्या. त्या दिवशी त्या घरभर बोलत होत्या, भांडी घासताना चक्क गायल्या.

"बॉम्ब येकदाच वाजतोय," आप्पा म्हणाले. "मला असा आवाज पायजे जो वाजतच ऱ्हाईल. कटाळा येस्तवर ऐकू दे तिला."

मी विचारलं, मग घाई कसली एवढी, सावकाश करा. आप्पांनी तांब्या खाली ठेवला. यंदाच्या दिवाळीत त्यांनी स्वतः बॉम्ब आणून काकूंच्या मागं लावला होता. काकू लसूण सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या.

मी भांडायला गेलो होतो. येताना नळीला कुठलं स्टील लागेल ते विचारून आलो. बायको म्हणाली, तुम्हालाही लागण झाली का? काय सांगणार तिला. कानात कापूस घालून झोपलो, आणि त्या आठवड्यापासून दर सुट्टीला आप्पांच्या हाताखाली नळी धरून बसायला लागलो. प्रत्येक 'भड' नंतर आप्पा काकूंकडं बघायचे. काकू चुलीपुढं पाठमोऱ्या. मग आप्पा म्हणायचे, दम न्हाई, अजून दम पायजे.

शेवटी एका रविवारी सकाळी आप्पांनी सगळ्या वस्तीला बोलावलं. सिलिंडर भरलेला होता, त्याची आंघोळ झाली होती, वाऱ्यासाठी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला होता. काकूंना नवं लुगडं नेसवून पुढं खुर्चीत बसवलं होतं. आप्पांनी त्यांना हातवारे करून समजावलं, आता मोठा आवाज होणार, लई मोठा. काकूंनी मान हलवली. लोक विमान उडणार म्हणून आले होते. कुणीतरी हारही आणला होता.

वारा सुरू झाला, प्लग टकटकला, गॅस सुटला. आणि जाळ झाला. नळीच्या शेपटातून हातभर, मग दोन हात जाळ बाहेर आला. पुढच्या बायका किंचाळून मागं सरल्या, दोन-चार पोरं पळाली, खुंट्याला बांधलेल्या शेळीनं दावं तोडलं. नळीचं पोट लालबुंद झालं. मी आवाजाची वाट बघत दात आवळून उभा होतो.

आवाज झालाच नाही. कॉम्प्रेसर थांबला तरी जाळ तसाच चालू, पण त्याला आवाज घरातल्या शेगडीइतका. भडक्यामागून भडका उठायला हवा होता, त्याऐवजी गॅस नुसताच जळत होता. नळी नव्हती ती, शेगडीच होती. एवढ्या महिन्यांची मेहनत, अर्धी मिशी, चुलीचा धूर, आणि हाती आली शेगडी. आप्पांचा हात गॅस बंद करायला कॉककडं गेला.

आणि काकू खुर्चीतून उठल्या. त्यांनी उजवा पंजा छातीवर ठेवला, आप्पा डीजेपुढं ठेवायचे तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आलं," त्या म्हणाल्या, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आलं ऐकू. दम हाय आवाजात."

आप्पांचा हात कॉकवरच थांबला. काकूंनी सवयीप्रमाणं आमच्याकडं वळून बघितलं, एकेकाच्या तोंडाकडं. आम्ही सगळे हात खाली सोडून, तोंडं पाडून उभे होतो. त्यांचं हसू थोडं अडखळलेलं मी बघितलं.

मला काय सुचलं कोण जाणे. मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे घट्ट मिटून तोंड वेडंवाकडं केलं. डोळा किलकिला करून बघतो तर पंक्चरवाल्यानं कानांवर हात दाबले होते. मग माझ्या बायकोनं. मग हार आणलेल्यानं हार काखेत मारून कानांत बोटं घातली. बघता बघता सगळी वस्ती, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, त्या मुक्या जाळापुढं कान झाकून उभी राहिली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. काकू सगळ्यांवरून नजर फिरवून मनसोक्त हसल्या आणि परत जाळाकडं वळल्या. आप्पांनी सिलिंडर संपेपर्यंत कॉक बंद केला नाही.

त्यानंतर काकू येईल त्याला तो आवाज कसा होता ते सांगतात. कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोठा, म्हणतात. आणि रोज आप्पांच्या मागं लागतात, परत लावा की ते. आप्पा हातानं खूण करतात, गॅस न्हाई. नवा सिलिंडर आणून ठेवलाय, पण जेटवर ताडपत्री आहे.

मी आप्पांना म्हणालो, चूक कळलीये आपल्याला, पोटाची जागा थोडी वाढवू, गॅसची नळी बदलू. या वेळी नक्की वाजेल. आप्पांनी ताडपत्रीची सुटलेली दोरी ओढून घट्ट बांधली.

"आन् खरा वाजला, आन् तिला न्हाई आला ऐकू, तर?" ते म्हणाले. "मंग काय करू मी?"

माझ्या बाजूची दोरी मीही बांधली. आता आप्पा वरातीतही डीजेपुढं जात नाहीत. मागं खुर्चीवर बसतात, वाढलेलं खातात आणि घरी येतात. मला दिवसा झोप मिळते. ती काय करायची आहे.

कालच शिफ्टवरून येताना काकूंनी मला दारात अडवलं. जेटकडं बोट केलं आणि विचारलं, कवा लावनार हायेत? मी दोन्ही हात हलवले, गॅस न्हाई. काकूंनी नव्या सिलिंडरकडं एकदा बघितलं, मान डोलवली, पण आत गेल्या नाहीत. नेहमीसारख्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, खूप वेळ. मग माझ्या दंडावर हळूच थोपटलं आणि म्हणाल्या, "बरं हाय की. तुमची मंडळी बरी हायेत ना?"