मूळ ध्वनीसह

सतराव्या मिनिटाच्या चौथ्या सेकंदाला मर्ल कोस्टेलनिक खुर्चीतून उठले आणि टीव्हीकडे बोट रोखून ओरडले, "चोर!"

सोफ्यावर बसलेल्या आर्लीनने अक्रोडाच्या रोलचा तुकडा शांतपणे तोंडात टाकला. ही त्यांची धाकटी बहीण. दर रविवारी ती यंग्सटाउनच्या दुसऱ्या टोकाहून भावासाठी काहीतरी भाजून आणत असे आणि गेल्या काही महिन्यांपासून त्याचे निरीक्षणही करत असे.

"कोण चोर?"

"ही डिस्क काढणारी कंपनी! गाणं कुठंय? इथं गाणं होतं!"

मालिका जुनी होती: 'विंडो फोर'. एका बसकंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत ती घडत असे. या भागात तिथला खडूस कारकून कोणीही न्यायला न आलेला रेडिओ अकरा आठवडे दुरुस्त करत बसतो. अखेर रेडिओ लागतो आणि सदैव भांडणारी ती कचेरी प्रथमच गप्प होते. मर्ल यांच्या म्हणण्यानुसार मूळ प्रक्षेपणात त्या रेडिओतून आधी सॅक्सोफोन आणि मग एका बाईचा आवाज येत असे. डिस्कवर गिटार वाजत होती. दाताच्या दवाखान्यात फोन केल्यावर थांबवून ठेवतात, तेव्हा वाजते तशी.

"गाण्याचे हक्क महाग पडले असतील, म्हणून हे फुकटातलं चिकटवलंय," मर्ल म्हणाले. "आणि वर डब्यावर छापतात 'संपूर्ण'!"

मर्ल यांनी चौतीस वर्षे जिल्ह्याच्या वजनमापे खात्यात काढली होती. गॅलनमागे दोन चमचे पेट्रोल कमी देणारा पंप त्यांनी भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या रांगेसमोर सील केला होता. 'संपूर्ण' हा शब्द ते सैलपणे वापरत नसत.

"आता बघ, तो म्हणतो, 'काय आवाज आहे बाईचा!' बघ! ओठ हलताहेत आणि शब्द नाहीत! वाक्यसुद्धा कापलंय!"

"च्युइंगगम चघळतोय तो. मर्ल, तिथं पहिल्यापासून गिटारच होती."

"तुला ते गाणं आठवत नाही?"

"त्या जागी मला काहीही ऐकू आल्याचं आठवत नाही."

"मग कान तपासून घे."

"कानांचं नाही रे. आणि माझंही नाही." आर्लीनने पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवले. स्मरणशक्तीचे डॉक्टर, येता सोडून त्यापुढचा मंगळवार, सकाळी दहा. "मार्चमध्ये तू चाळीस मिनिटं बँकेच्या दारात उभा होतास. ती बँक बंद होऊन तीन वर्षं झाली."

"मी निषेध म्हणून उभा होतो!"

"हेच डॉक्टरांना सांग. आणि त्यांनी नको म्हटलं, तर गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे."

मर्ल यांच्या रागाला आतापर्यंत कंपनी पुरत होती; आता त्यात बहिणीचीही भर पडली. "शनिवारपर्यंत पुरावा आणतो," ते म्हणाले. "गाणं निघालं तर हे कार्ड तू स्वतः फाडायचं. नाही निघालं तर डॉक्टर कशाला, किल्ल्या मीच देतो."

"कबूल," आर्लीन म्हणाली. कार्ड तिने पर्समध्ये टाकले आणि रोलचा उरलेला अर्धा भाग कागदात गुंडाळून परत नेला.

पुरावा तळघरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होता. घरात व्हिडिओ यंत्र येण्यापूर्वी तरुण मर्ल टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डरचा माइक धरून मालिकेचा आवाज टिपून ठेवत. कॅसेटवर त्यांच्याच अक्षरात भागाचे नाव, तारीख, वाहिनी आणि 'बाहेर बर्फ' अशी नोंद होती. ती वाजवायला यंत्र मात्र उरले नव्हते. ते वाचनालयात होते. तिथे शनिवारी दुपारी लोक आपापल्या जुन्या टेपा घेऊन येत आणि ग्रंथपाल डेल्फीन ओक्स त्या संगणकावर उतरवून देत.

त्या शनिवारी चौदा माणसे लग्नांच्या आणि बारशांच्या टेपा घेऊन बसली होती. पुरावा ऐकायला आर्लीनही आली होती. डेल्फीनने मर्ल यांच्यापुढे हेडफोन धरला.

"नको. हेडफोनवर मी एकटाच ऐकीन. पुराव्याला साक्षीदार लागतात. मोठ्या स्पीकरवर लावा."

"मिस्टर कोस्टेलनिक, एकदा आधी तुम्हीच ऐकून घेतलंत तर बरं."

"बाई, ज्या मापाची खात्री असते ते चारचौघांत तपासायचं असतं!"

मग त्यांनी सभागृहाला सात मिनिटे कंपनीच्या चोरीची माहिती दिली. मागच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने "शाबास!" म्हटले. डेल्फीनने बटण दाबले.

खरखर. कारकुनाचे खोकणे. रेडिओच्या बटणाची करकर. आणि मग स्पष्ट, निर्विवाद सॅक्सोफोन. मर्ल विजयी मुद्रेने बहिणीकडे वळले. तीन सेकंद झाले होते.

"गप्प!" स्पीकरमधून एक तरुण आवाज गरजला. "सगळे गप्प! सॅक्सोफोन लागलाय!"

"मर्ल, आम्ही कोणी बोलतच नाहीये रे," एक बाई हळूच म्हणाली.

"आई, आत्ता बोललीस! टेपवर आलं ते!"

"मग इस्त्री तरी करू का?"

"इस्त्रीचा आवाज येतो!"

"इस्त्रीला कुठला आवाज?"

"वाफेचा, आई, वाफेचा! आर्लीन, असा श्वास घेऊ नकोस!"

"मग कसा घेऊ?"

"नाकाने! आता ती गाणार आहे, नीट ऐका सगळ्यांनी, असा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार... आर्लीन! हसतेयस काय?"

गाणे एकूण एक्केचाळीस सेकंदांचे होते. त्यातले अडतीस मर्ल यांनी व्यापले होते. ते संपल्यावर टेपवरची तीच बाई म्हणाली, "झालं का गाणं? छान होतं का?"

सभागृह हसण्याने दणाणून गेले. 'शाबास' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला पाणी द्यावे लागले. मर्ल यांचा चेहरा बिटासारखा झाला. हसली नाही ती फक्त आर्लीन. आईला जाऊन तेहेतीस वर्षे झाली होती. तिने डोळे पुसले, पर्समधून कार्ड काढले आणि त्याचे चार तुकडे केले.

"सॅक्सोफोन होता," ती म्हणाली. "किल्ल्या ठेव. पण मला काहीच ऐकू आलं नव्हतं, हे मी सांगितलं होतं की नाही?"

तेवढ्यात डेल्फीन एक छापील कागद घेऊन आली. ही टेप वाचनालयाच्या संग्रहात ठेवता येईल का? ऐकण्याच्या खोलीत गावातल्या जुन्या घरांचे आवाज जपलेले असतात. लोकांना फार आवडेल.

"माझ्यावर हसायला? मुळीच नाही!" मर्ल कडाडले. "तो आवाज माझा आहे. त्याचे हक्क माझे आहेत. परवानगी नाही!"

"तुमचा आवाज तेवढा काढला, तर?"

"मुळासकट काढा!" ते म्हणाले आणि न वाचता सही करून निघून गेले. कागद न वाचता केलेली ही त्यांच्या आयुष्यातली पहिली सही असावी.

तीन आठवड्यांनी आर्लीन आईचा आवाज ऐकायला वाचनालयात गेली. हेडफोन लावून तिने डोळे मिटले.

"मर्ल, आम्ही कोणी बोलतच नाहीये रे," आई म्हणाली. आणि गिटार वाजली. "मग इस्त्री तरी करू का?" गिटार. "इस्त्रीला कुठला आवाज?" गिटार. दाताच्या दवाखान्यातली, फुकटातली, तीच.

"चोर!" आर्लीन ओरडली. खोलीतल्या तिघांनी माना वळवल्या.

तिने तक्रारीचा कागद मागून घेतला आणि तो फाटेस्तोवर पेन दाबून लिहिले: 'मूळ ध्वनी बदलला आहे. इथे एक माणूस ओरडत होता. त्याच्यावाचून आई काय बोलते आहे याचा अर्थच लागत नाही. मला स्वतःला नीट आठवते.' तो पेटीत टाकून, वाचनालयाच्या पायऱ्यांवरूनच तिने भावाला फोन लावला आणि सगळे एका दमात ऐकवले.

 पलीकडून मर्ल कोस्टेलनिक कित्येक महिन्यांत प्रथमच अत्यंत शांत आवाजात म्हणाले, "आर्लीन, तिथं पहिल्यापासून गिटारच होती."