दानियलचं कालव

२०१४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि शेजारचा दानियल माझ्याहून थोडा लहान. हे त्याला मान्य नव्हतं, पण त्याला विचारतो कोण. या माणसाची खोड आधी सांगतो. जिताडा असो नाहीतर बोय, मासा समोर आला की हा चष्मा कपाळावर चढवायचा, नख शेपटीकडून डोक्याकडे उलटं फिरवायचा आणि म्हणायचा, "खवले दाखव, मग बोल." माझी सून पनवेलच्या बाजारात मासे विकते. तिच्या पाटीवर हा रोज वाकलेला. मागं गिऱ्हाईक ताटकळतंय, आणि याचं आपलं खवले दाखव.

दानियल बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातला मराठी यहुदी. त्यांच्यात खवल्याचा आणि पराचा मासाच खातात. कोळंबी, चिंबोरी, कालवं, सगळं बाद. मी कोळी. माझ्या आईनं खाडीच्या कातळावरची कालवं फोडून आम्हा भावंडांना वाढवलं. त्यामुळे आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, अर्धा समुद्र सोडून दिलास तू. तो म्हणायचा, अर्धा तुझ्यासाठी ठेवला, उपकार मान. तो मॅट्रिक झालेला, कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. मी शाळा चौथीपर्यंत बघितली. तो मला शिकवायला जायचा आणि मी शिकायचो नाही.

त्याची बायको गेली. मुलगी रुथ लग्न करून इस्रायलला. नात नोआ तिकडेच जन्मली. तिला मराठी येत नाही, याला तिची भाषा येत नाही. फोनवर दोघं एकमेकांचा श्वास ऐकायचे आणि ठेवून द्यायचे.

मग रुथनं एक घडीची डबी पाठवली, दोन पडद्यांची. त्यात खेळ. खेळात दानियलचं एक गाव, घर, झाडं, बोलणारी जनावरं, आणि समुद्र. समुद्रात बुडी मारायची, तळाशी सापडेल ते वर आणायचं आणि गावच्या संग्रहालयात मांडायचं. नोआचं असंच गाव तिच्या डबीत. इंटरनेट लावलं की ती आपल्या गावातून चालत याच्या गावात यायची. दोघांची बोटभर चित्रं किनाऱ्यावर भेटायची. ती गोल धावायची, मग हा गोल धावायचा. बोलायची गरजच नाही. त्या वेळी हा इस्त्रीचा सदरा घालून बसायचा. मी विचारलं, ती काय तुला बघते का. म्हणाला, "मी मला बघतो."

पण खोड खेळातही तीच. मासा मिळाला की पडद्याला नाक लावून खवले शोधायचे. शिंपल्यातलं काही निघालं की परत पाण्यात. मी म्हटलं, "अरे, चित्र हाय ते."

"चित्र असेल. खिसा माझा आहे."

नोआच्या संग्रहालयात सगळं होतं, फक्त एक कालव नव्हतं. करडं, ओबडधोबड, ओळखू येईल असं काढलं होतं, मी बघितलंय. खेळात ते फेब्रुवारीपर्यंतच मिळतं, मग पावसाळा संपेपर्यंत नाही. तिच्या समुद्रात ते सापडेना, म्हणून ती आजोबांच्या गावी आली. आजोबांनी बुडी मारली आणि पहिल्याच बुडीला कालव वर आणलं. पोर किनाऱ्यावर वाट बघत उभी. आणि या शहाण्यानं सवयीनं ते तिच्यासमोर पाण्यात टाकलं.

ती न धावता निघून गेली. पुन्हा आली नाही. रुथ फोनवर म्हणाली, ती म्हणते आजोबांना माझ्याशी खेळायचंच नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस शुक्रवारी आला. दुपार कलल्यावर दानियल माझ्या दारात. सुनेची पाटी दारातच होती, तिच्यावर न वाकता, चष्मा नाकावरच. म्हणाला, रुथला सांगितलंय, नोआला आज पाठव, कालव देतो. काल दिवसभर काढलं आणि दिवसभर सोडलं. हात ऐकत नाही. "महादेव, तू काढ. तुझ्या हाताला ते चालतं." ते शनिवार पाळतात, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळताना त्याच्या घरी दिवा लागतो. दिवा लागला की शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत तो कुठल्याही कामाला, डबीलाही, हात लावत नाही, दुसऱ्याला कर म्हणूनही सांगत नाही. म्हणजे जे काय ते दिव्याच्या आत.

मी त्या डबीला कधी शिवलो नव्हतो. हे त्याला सांगितलं नाही. "चल," म्हटलं आणि त्याच्या घरी जाऊन डबी हातात घेतली.

माझा एक अंगठा तिथली तीन बटणं दाबतो. पहिल्या बुडीला शेवाळ आलं, दुसऱ्या बुडीला कसलासा किडा. दानियल भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"मिळालं?"

"गप बस."

"डावीकडे बुडबुडे बघ."

"भिंतीकडं बघून तुला बुडबुडे दिसतात व्हय?"

"तो समुद्र मला पाठ आहे."

डावीकडे खरंच बुडबुडे होते. मी बुडी मारली आणि पुढे निघून गेलो. परत वळलो, पुन्हा पुढे गेलो. भरतीच्या खाडीत होडी उलटली तेव्हा माझं काळीज असं उडालं नव्हतं. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर सरकत छताला लागलं. दानियल उठला. पेल्यात पाणी ओतलं, वर तेल, वात लावली. इतकं हळू काम करताना मी त्याला कधी बघितलं नाही. काडी हातात घेऊन तो उभा राहिला.

"महादेव, आता लावायलाच हवा."

मी बटण दाबलं. चित्रातला माणूस पाण्यावर आला आणि त्याच्या हातात कालव होतं. मी ओरडलो की नाही ते सांगणार नाही. दानियलनं माझ्याकडे बघितलं, काडी ओढली आणि दिवा लावला.

नोआ आली नव्हती. आम्ही दोघं बसून राहिलो, तो डबीपासून लांब, मी डबी धरून. बाहेर पार अंधारलं तेव्हा डबी वाजली. गावाच्या फाटकातून पिवळी टोपी घातलेलं चित्र आत आलं आणि लांबच थांबलं. मी कालव वाळूवर ठेवलं आणि मागं झालो. तिनं बराच वेळ उचललं नाही. मग उचललं. मग ती गोल धावायला लागली.

दानियल माझ्या पाठीशी उभा, हात मागे बांधलेले. त्याला सांगता येत नव्हतं. दिव्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "पोर एकटीच धावतेय."

मी बटण दाबून धरलं. आम्ही धावलो. ती थांबेपर्यंत थांबलो नाही. मागं वळून मी काही बघितलं नाही. बघण्यासारखं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी बोलावलं नसताना, मी त्याच्या घरी गेलो. डबी उघडली, गावाचं फाटक उघडं केलं आणि त्याच्या खुर्चीवरून दिसेल अशी धरून बसलो.

तो म्हणाला, "तिकडे अजून रात्र आहे."

मी म्हटलं, "थांबतो."